वीतभर अक्षर कुणाला द्यायचं?

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये थंडीच्या दिवसांत काही मुलंमुली एका ठरावीक घाटाचं जॅकेट घालून येतात. लोकरीचं अंग, चामड्याच्या बाह्या, मनगटाशी आणि कमरेशी शाळेच्या रंगांची विणलेली पट्टी, आणि डाव्या छातीवर शाळेच्या नावातलं एक मोठं, जवळपास वीतभर उंचीचं अक्षर. हे अक्षर शेनील नावाच्या मऊ, उठावदार भरतकामातलं असतं. जॅकेट बहुतेक ठिकाणी घरच्यांनी पैसे देऊन शिवून घ्यायचं असतं. अक्षर मात्र शाळा देते, आणि तेही सहसा शाळेच्या मुख्य संघातून खेळून दाखवल्यावर. त्याला व्हर्सिटी लेटर म्हणतात.

मुख्य संघ म्हणजे व्हर्सिटी. त्याच्या खालचा संघ ज्युनिअर व्हर्सिटी, मुलांच्या बोलण्यातली ‘जेव्ही’. मोठ्या शाळांत नववीच्या मुलांचा आणखी एक संघ असतो. हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. पहिल्यांदा निकष पूर्ण केला की कापडी अक्षर मिळतं. पुढच्या वर्षी पुन्हा पात्र ठरलं तर सहसा दुसरं अक्षर देत नाहीत. पहिल्याच अक्षरावर टोचायला धातूची एक छोटी पट्टी देतात. खेळ कोणता, हे सांगणारी पिन वेगळी असते. धावपटूच्या पिनेवर पंख फुटलेलं पाऊल असतं, कर्णधाराला अनेक ठिकाणी तारा मिळतो. ही सांकेतिक लिपी ज्याला येते, त्याला अनोळखी मुलाच्या छातीवर त्याची चार वर्षं वाचता येतात.

या अक्षरामुळे गुणपत्रिकेत एकही गुण वाढत नाही. तरी त्यासाठी मुलं पहाटे उठून पोहतात, ऑगस्टच्या उन्हात धावतात, हिवाळाभर कुस्तीच्या मॅटवर घाम गाळतात. मला मात्र या अक्षरापेक्षाही त्याच्या आधी येणारा प्रश्न थक्क करतो. ते द्यायचं कुणाला, हे ठरवायचं कसं? प्रश्न दिसतो कारकुनी. पण तो सोडवायला बसलेल्या प्रशिक्षकाला प्रत्येक खेळाच्या पोटात शिरून पाहावं लागतं की संघाच्या यशात कुणाचा वाटा किती, आणि तो मोजता येतो का.

परत न करायचा सदरा

कथा सुरू होते हार्वर्ड विद्यापीठात. १८६५ साली तिथल्या बेसबॉल संघाने आपल्या करड्या फ्लॅनेलच्या सदऱ्यावर जुन्या इंग्रजी वळणाचं ‘एच’ हे अक्षर भरून घेतलं. दहा वर्षांनी तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या अंगावरही ते आलं. हंगाम संपला की सदरे परत करायचे, असा रिवाज होता. पण येल किंवा प्रिन्स्टनविरुद्धच्या महत्त्वाच्या सामन्यात जे खेळले, त्यांना सदरा स्वतःजवळ ठेवायची मुभा मिळू लागली. बाकीच्यांनी तो उतरवून द्यायचा.

जगातल्या पहिल्या व्हर्सिटी लेटरचा निकष हा असा होता. धावा किती, गोल किती, सरावाला हजेरी किती, यांतलं काहीच विचारलं जात नव्हतं. खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तू मैदानात उभा होतास का, एवढाच प्रश्न. अटलांटिकच्या पलीकडे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये खेळाडूंना ‘ब्लू’ हा मान मिळतो, तिथेही एकमेकांविरुद्धच्या वार्षिक सामन्यात उतरणं हीच कसोटी पूर्वापार चालत आली आहे. आपल्या विद्यापीठांमधले जुने खेळाडू ‘युनिव्हर्सिटी कलर’ मिळाल्याचं अभिमानाने सांगतात, तो कलर याच ब्रिटिश परंपरेतून आपल्याकडे आला.

पुढे सदऱ्याची जागा स्वेटरने घेतली, १९३०च्या सुमारास स्वेटरची जागा जॅकेटने घेतली, आणि विद्यापीठांची ही रीत हायस्कुलांनी उचलली. शाळेच्या संघांना वर्षाला डझनावारी सामने मिळू लागल्यावर ‘मोठ्या सामन्यात खेळलास का’ हा एक प्रश्न पुरेना. मग मोजमाप आलं.

मिनिटं, डाव आणि एका सेकंदाचा क्वार्टर

अमेरिकेतल्या शालेय खेळांची राष्ट्रीय संघटना १९२० साली स्थापन झाली. तिचं मुख्यालय इंडियानापोलिस इथे आहे. खेळांचे नियम ती लिहिते. २०२३-२४ या वर्षी तिच्या मोजणीत शालेय खेळांतला सहभाग ८० लाखांच्या वर गेला. दोन खेळ खेळणारा विद्यार्थी या मोजणीत दोनदा धरला जातो. पण इतक्या मुलांपैकी लेटर कुणाला द्यायचं, याचा देशभर लागू होणारा एकही नियम नाही. राज्यांच्या संघटना पात्रता पाहतात आणि हौशी खेळाडूला मिळणाऱ्या बक्षिसाच्या किमतीवर मर्यादा घालतात. निकष मात्र ज्याने त्याने ठरवायचा. शाळा, तिथला क्रीडा संचालक आणि त्या त्या खेळाचा प्रशिक्षक मिळून तो लिहितात, आणि हंगामाच्या आरंभी तो मुलांच्या हातात पडतो.

सर्वांत रूढ निकष आहे खेळलेल्या वेळेचा. हायस्कूल बास्केटबॉलचा सामना बहुतेक राज्यांत आठ-आठ मिनिटांच्या चार भागांत, म्हणजे क्वार्टरमध्ये होतो. हंगामात २० सामने झाले तर ८० क्वार्टर. त्यांपैकी निम्म्यांत, म्हणजे ४० क्वार्टरमध्ये जो मैदानात उतरला, त्याला लेटर. स्कोअरबुकात नोंद असते, कुणीही पडताळून पाहू शकतं, वाद उरत नाही.

आता या सोप्या नियमाच्या आत डोकावून पाहा. क्वार्टर संपायला एक सेकंद असताना आत गेलेल्या मुलाच्या नावावरही तो क्वार्टर लागतो आणि पूर्ण आठ मिनिटं धावलेल्याच्या नावावरही. संघ बलाढ्य असेल तर सामने एकतर्फी होतात, प्रशिक्षक निर्धास्तपणे राखीव मुलांना उतरवतो आणि त्यांचे क्वार्टर भरत जातात. संघ तुल्यबळांशी झुंजणारा असेल तर प्रत्येक सामना शेवटच्या मिनिटापर्यंत ताणला जातो आणि तितक्याच गुणी राखीव खेळाडूला बाकावरून उठताच येत नाही. तीन हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत बास्केटबॉलच्या मुख्य संघात जागा मिळणं हाच मोठा पराक्रम असतो. ऐंशी विद्यार्थ्यांच्या खेड्यातल्या शाळेत संघ पुरा करायला येईल त्याला घ्यावं लागतं. नियमाचे शब्द तेच राहतात आणि दर शाळेत त्याचं वजन बदलतं.

बेसबॉलमध्ये हाच नियम लावायला गेलं की पिचर अडवतो. हायस्कूलचा सामना सात डावांचा. निम्मे डाव खेळलेल्याला लेटर द्यायचं म्हटलं, तर चेंडू फेकणारा पिचर त्यात बसतच नाही. त्याच्या खांद्याला विश्रांती लागते; २०१७च्या हंगामापासून तर प्रत्येक राज्याने पिचरच्या चेंडूंच्या संख्येवर मर्यादा आणि त्यानुसार विश्रांतीचे दिवस ठरवून देणं बंधनकारक झालं आहे. म्हणजे ज्याच्यावाचून सामना सुरूच होत नाही, त्याच्यासाठी निकषात वेगळं कलम हवं.

फुटबॉलमध्ये आणखी बारकावा. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाँग स्नॅपर नावाचा एक खेळाडू असतो. ओणवा होऊन, दोन पायांमधून, मागे कित्येक यार्डांवर उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हातात चेंडू अचूक फेकायचा, एवढंच त्याचं काम. एका सामन्यात त्याच्यावर ही पाळी मोजक्या वेळा येते. पण त्यातली एक फेक चुकली तर सामना हातचा जाऊ शकतो. मिनिटं मोजणाऱ्या नियमाला हा मुलगा नीट दिसत नाही. म्हणूनच जाणते प्रशिक्षक अशा जागांसाठी निकषात स्वतंत्र ओळ घालतात.

ज्यांचे आकडे धरले जात नाहीत, ते दोघे

मला सर्वांत भारावून टाकणारं उदाहरण आहे क्रॉसकंट्रीचं. डोंगरउतार, गवत, चिखल यांतून साधारण पाच किलोमीटरची शर्यत. प्रत्येक शाळेचे सात धावपटू. पहिल्या क्रमांकाला १ गुण, दुसऱ्याला २, दहाव्याला १०. संघाच्या पहिल्या पाच धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. सहावा आणि सातवा यांचे क्रमांक बेरजेत धरत नाहीत.

मग ते धावतात कशाला? हे उदाहरण कागदावर मांडून पाहा. दोन शाळा, अ आणि ब. अ शाळेची मुलं दुसरी, चौथी, पाचवी, आठवी आणि नववी आली. बेरीज २८. ब शाळेची मुलं पहिली, तिसरी, सहावी, सातवी आणि दहावी आली. बेरीज २७. ब शाळा एका गुणाने जिंकली.

आता एवढंच बदला. शेवटच्या चढावर अ शाळेच्या सहाव्या आणि सातव्या धावपटूने दात-ओठ खाऊन ब शाळेच्या पाचव्या मुलाला मागे टाकलं. ते दोघे दहावे आणि अकरावे आले, ब शाळेचा तो मुलगा बारावा झाला. अ शाळेची बेरीज तीच, २८. ब शाळेची बेरीज झाली २९. अ शाळा जिंकली, आणि जिंकून दिलं त्या दोघांनी, ज्यांचे आकडे बेरजेत कुठेच नाहीत. याशिवाय, दोन संघांची बेरीज सारखी आली तर निर्णय सहाव्या धावपटूवर लागतो.

अशा खेळात लेटर पहिल्या पाचांना द्यायचं की सातांना, हा निव्वळ आकड्याचा प्रश्न उरत नाही. ज्या शाळेने सात लिहिलं, तिने खेळ समजून घेतला आहे.

कुस्तीतही असंच एक गुपित आहे, आणि ते मराठी वाचकाला चटकन भिडेल. शालेय कुस्तीत वेगवेगळ्या वजनगटांच्या लढती होतात आणि त्यांचे गुण मिळून संघाचा निकाल लागतो. प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं तर संघाला ६ गुण. थोड्या फरकाने, गुणांवर लढत जिंकली तर ३. म्हणजे समोरचा मल्ल आपल्यापेक्षा सरस आहे हे कळून चुकल्यावरही जो मुलगा सहा मिनिटं पाठ टेकू देत नाही, तो हरतो, पण संघाचे तीन गुण वाचवतो. आपल्या तालमीतल्या वस्तादाला हे सांगावं लागणार नाही; ‘चीत झाला नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी कौतुकाचंच असतं. पण ‘जितक्या लढती जिंकल्या तितके गुण’ एवढाच निकष लिहिला, तर हा मुलगा कोराच राहतो. जिंकणं आणि उपयोगी पडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कुस्तीचं गुणपत्रक शिकवतं.

पोहणं आणि मैदानी स्पर्धा यांत त्या मानाने काम सोपं. घड्याळ आणि मोजपट्टी खोटं बोलत नाहीत. दोन शाळांच्या मैदानी सामन्यात पहिल्या तिघांना ५, ३ आणि १ असे गुण देण्याची पद्धत आहे. हंगामात अमुक इतके गुण कमवा, किंवा ठरलेली वेळ गाठा, किंवा राज्य स्पर्धेसाठी पात्र व्हा, असा निकष बसतो. तरीही रिलेचे गुण चौघांत वाटायचे की प्रत्येकाला पूर्ण द्यायचे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर शाळेगणिक वेगळं असतं.

आकड्यांच्या पलीकडचं कलम

एवढं सगळं मोजूनही प्रत्येक चांगल्या नियमावलीत शेवटी काही ओळी असतात, ज्यांत आकडे नसतात. हंगाम पूर्ण केला पाहिजे. अभ्यासात उत्तीर्ण राहिलं पाहिजे. वर्तन चांगलं हवं. शाळेचं साहित्य परत केलेलं हवं. आणि मग येतात अपवाद. हंगामाच्या मध्यावर गुडघा मोडला म्हणून बाहेर बसलेला, पण दुखापत झाली नसती तर निकष सहज पूर्ण केला असता असा खेळाडू. चार वर्षं निष्ठेने सराव करूनही पहिल्या फळीत कधीच न आलेली बारावीची मुलगी. आणि संघाचा मॅनेजर, म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणारा, आकडे टिपणारा, सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर घरी जाणारा विद्यार्थी. अनेक शाळा मॅनेजरलाही लेटर देतात, आणि वाद्यवृंदात किंवा वादविवादात चमकणाऱ्यांनाही.

प्रशिक्षकाच्या विवेकाला जागा देणारी ही कलमं धोक्याचीही असतात. विवेकाच्या नावाखाली आवडनिवड शिरू शकते. पण ती काढून टाकली तर निकष आंधळा होतो. मला वाटतं, तोल असा साधतो: आकड्याने पात्र ठरलेल्याचं लेटर कुणी अडवू नये, आणि आकड्याने वगळलेल्याला ते देताना कारण उघड सांगावं.

संघात निवडतानाही कसोटी कुठली लावली यावर सगळं अवलंबून असतं. १९७८ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दहावीतल्या एका मुलाला बास्केटबॉलच्या मुख्य संघात घेतलं नाही, ज्युनिअर व्हर्सिटीत ठेवलं. त्याची उंची तेव्हा पाच फूट दहा इंचांच्या आसपास होती, आणि संघाला उंच खेळाडूची गरज होती. ती जागा सहा फूट सात इंचांच्या लेरॉय स्मिथला मिळाली. मागे राहिलेल्या मुलाचं नाव मायकेल जॉर्डन, पुढे जगप्रसिद्ध झालेला बास्केटबॉलपटू. प्रशिक्षकांचा त्या वर्षीचा निर्णय संघाच्या गरजेनुसार समजण्याजोगा होता. तो फक्त त्या वर्षापुरता होता, हे जॉर्डनने दाखवून दिलं. निकष आजचं मोजतो. उद्याचं मोजण्याचं साधन त्याच्याकडे नसतं.

जे वर्षानुवर्षं कुणी मोजलंच नाही

निकषाचा सर्वांत मोठा अन्याय त्याच्या कलमांत नसतो. मुळात दारातून आत कुणाला येऊ दिलं, तिथे तो असतो. १९७१-७२ साली अमेरिकेतल्या हायस्कुलांत खेळणारे मुलगे ३६ लाखांहून अधिक होते, आणि मुली होत्या २,९४,०१५. अनेक शाळांत मुलींचा व्हर्सिटी संघच नव्हता, मग लेटर कुठलं? त्यांच्यासाठी वेगळ्या क्रीडा मंडळांमध्ये तास आणि सहभाग मोजून गुण मिळत, आणि पुरेसे गुण झाले की त्या मंडळाची पिन किंवा मंडळाचं स्वतःचं अक्षर.

२३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेद करायचा नाही, हे सांगणारं त्यातलं मूळ वाक्य एकच आहे आणि त्यात खेळ हा शब्दही नाही. त्याच्यामागे पॅट्सी मिंक, एडिथ ग्रीन आणि बर्च बाय या लोकप्रतिनिधींचे परिश्रम होते. आज हायस्कूलमधल्या मुलींचा खेळांतला सहभाग ३४ लाखांच्या वर आहे. आणि मन भरून येतं ते आणखी एका गोष्टीने: अलीकडच्या वर्षांत काही शाळांनी आणि विद्यापीठांनी आपल्या वृद्ध माजी विद्यार्थिनींना सन्मानाने बोलावून, तेव्हा न मिळालेली लेटर आता दिली. त्या खेळल्या होत्या. त्यांच्या खेळाला मोजणारी रेघ कुणी आखली नव्हती.

दार अजून पूर्ण उघडलेलं नाही. २०१५ साली कॅन्सस राज्यातल्या एका शाळेत विशेष मुलांच्या संघातून खेळणाऱ्या एका विद्यार्थ्याला लेटर लावलेलं जॅकेट उतरवायला सांगितल्यावरून देशभर चर्चा झाली. तो संघ व्हर्सिटी धरायचा की नाही, हा त्यातला प्रश्न होता. स्पेशल ऑलिंपिक्सच्या पुढाकाराने बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं एकाच संघात खेळतात असे युनिफाइड संघ आता अनेक शाळांत आहेत, आणि त्यांच्या खेळाडूंना लेटर देण्याची सोय शाळा आपल्या नियमात करू लागल्या आहेत.

निकष लिहिणाऱ्यांसाठी आणि वाचणाऱ्यांसाठी

या सगळ्यातून चांगल्या निकषाचं रूप स्पष्ट दिसतं. तो हंगामाच्या आधी लिहिलेला असतो आणि पहिल्याच बैठकीत मुलांना व पालकांना वाचून दाखवलेला असतो. प्रत्येक खेळासाठी तो वेगळा असतो, कारण पिचर, लाँग स्नॅपर आणि सातवा धावपटू यांना एकच माप लागत नाही. त्यातला आकडा कुणालाही पडताळता येतो. दुखापत, सेवा आणि निष्ठा यांच्यासाठी त्यात जागा असते, आणि ती जागा वापरताना कारण सांगावं लागतं. हंगाम संपल्यावर तो बदलत नाही.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईबाबांना हे जॅकेट बरेचदा मुलांमुळेच पहिल्यांदा कळतं. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: पहिल्या आठवड्यातच प्रशिक्षकांकडून लेटरचा निकष मागून घ्या आणि मुलासोबत बसून वाचा. क्रॉसकंट्री आणि मैदानी खेळांत बऱ्याच शाळा येईल त्याला संघात घेतात. खेळाची पार्श्वभूमी नसलेल्या मुलासाठी ते दार मोठं आहे.

आणि आपल्याकडच्या शाळांमधल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. वार्षिक पारितोषिक वितरणात ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ निवडताना आपणही हाच प्रश्न सोडवत असतो. खो-खोमध्ये गडी बाद करणाऱ्याच्या नावावर गुण लागतो. अचूक क्षणी खो देऊन त्याला ती संधी मिळवून देणाऱ्याचं नाव त्या गुणासमोर कुठेच लिहिलं जात नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताच बक्षिसाचा निकष कागदावर लिहा, त्यात खो देणाऱ्यासाठी एक ओळ ठेवा, आणि तो कागद सूचनाफलकावर लावा.